मागाहून येणारा आजार



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं सारं आयुष्य मुलांमध्ये गेलं. म्हणून संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी मुलांचाच विषय दिला: कोरोना मुलांना कसा झाला आणि त्यातून मुलं कशी सावरली. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारलं, "आता कशाला हे उकरून काढता? झालं गेलं सगळं." मला वाटतं, मोठ्यांपुरतं बोलायचं तर ते झालं गेलं असेल. मोठ्या माणसांना या साथीनं लाटेच्या दिवसांतच गाठलं. मुलांना तिनं मागाहून गाठलं. कुणाला महिन्यानं, कुणाला सहा महिन्यांनी, कुणाला दोन वर्षांनी. आणि तोवर आपण मोजणं बंद केलेलं होतं. आज मला हीच एक गोष्ट तुमच्यापुढे नीट मांडायची आहे.

आधी लाटेच्या दिवसांत काय झालं ते पाहू. २०२०च्या मार्चमध्ये आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या पोटात गोळा आला होता. फ्लू असो, न्यूमोनिया असो, साथ आली की टोकाची दोन वयं आधी सापडतात, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं. कोरोनानं म्हाताऱ्यांना गाठलं आणि मुलांना बहुतांशी सोडलं. का सोडलं? त्याची उत्तरं हळूहळू मिळाली. हा विषाणू पेशीत शिरतो तो 'एस-टू' नावाच्या रिसेप्टरला धरून. मुलांच्या नाकाच्या अस्तरात हे रिसेप्टर मोठ्यांपेक्षा कमी असतात. दुसरं असं की, मुलांच्या नाकातली पहिल्या फळीची प्रतिकारशक्ती सदैव सावध असते. वर्षभर सर्दी-पडसं चालूच असतं ना त्यांचं! विषाणू आला की तिथल्या तिथे इंटरफेरॉन सुटतात आणि तो फुप्फुसापर्यंत पोचायच्या आत अडवला जातो. आणि तिसरं, मधुमेहानं, रक्तदाबानं, तंबाखूनं झिजलेल्या रक्तवाहिन्या मुलांकडे नसतात.

याला अपवाद होते. वर्षाच्या आतली बाळं, जन्मजात हृदयविकार असलेली, कॅन्सरचे उपचार चालू असलेली, फार लठ्ठ मुलं. त्यांच्यातली काही गंभीर आजारी पडली, काही दगावली. त्यांच्या आईवडिलांपुढे "मुलांना काही होत नाही" हे वाक्य कुणी उच्चारू नये. पुढे २०२२च्या जानेवारीत ओमिक्रॉन पसरला. त्याचा रोख फुप्फुसापेक्षा वरच्या श्वसनमार्गावर होता. मग लहान मुलं मध्यरात्री घोगऱ्या, भुंकल्यासारख्या खोकल्यानं उठू लागली. त्याला आम्ही क्रूप म्हणतो. मोठ्यांची श्वासनलिका रुंद असते, तिला थोडी सूज जाणवत नाही. दीड वर्षाच्या बाळाची तेवढ्यानं अर्धी बंद होते.

पण बहुतेक मुलांना काय झालं? एक दिवस ताप, थोडी सर्दी, किंवा तेही नाही. ही मुलं मोजलीच गेली नाहीत. २०२१च्या जून-जुलैमध्ये आयसीएमआरनं चौथं सिरो-सर्वेक्षण केलं, त्यात सहा ते सतरा वर्षांची मुलंही घेतली. सहा ते नऊ वयाच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. तेव्हा मुलांना लस मिळत नव्हती. म्हणजे या अँटिबॉडी आल्या त्या संसर्गातूनच. त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या सर्वेक्षणात हेच प्रमाण ५१ टक्क्यांच्या वर निघालं. याचा अर्थ लक्षात घ्या. शाळा बंद, मैदानं बंद, मुलं घरात, आणि तरीही निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेलेला. घरच्यांना पत्ता नाही. "आमच्या मुलाला झालाच नाही" असं म्हणणाऱ्या पालकांना मी इतकंच सांगतो, झाला नसेलही, पण तुम्हाला ते कळायला मार्ग नव्हता.

हे लक्षात असणं फार गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता मी २०२०च्या ऑक्टोबरकडे येतो. महाराष्ट्रातली पहिली लाट सप्टेंबरच्या मध्यावर टोकाला जाऊन उतरू लागली होती. मोठ्यांचे वॉर्ड रिकामे होऊ लागले होते. आणि नेमकी तेव्हा वेगळीच मुलं यायला लागली. त्यातला एक आठ वर्षांचा मुलगा सांगतो. चार दिवस ताप, एकशेतीनच्या खाली उतरत नाही. पोटात कळा, उलट्या. अपेंडिक्स म्हणून आधी सर्जनना दाखवून झालेलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो निपचित पडला होता. डोळे लाल, पण पू नाही, चिकटा नाही. ओठ फुटलेले. शर्ट वर केला तर पोटावर पुरळ. आणि हात गार. ताप एकशेतीन आणि तळहात गार! नाडी मोजायला बोट ठेवलं तर ती धावत होती आणि क्षीण होती. रक्तदाब खाली गेलेला.

मी विचारलं, घरात कुणाला कोरोना? आई म्हणाली, "नाही हो डॉक्टर, आमच्याकडं कुणालाच नव्हता." बाजूला आजोबा उभे होते. ते हळूच म्हणाले, "पितृपंधरवड्यात मला दोन दिवस कणकण होती. पावसात भिजलो म्हणून असंल." मुलाची आरटीपीसीआर निगेटिव्ह आली. अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. रक्तातल्या दाहाच्या खुणा, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, तिन्ही चढलेल्या. टूडी एको केली तर हृदयाचा पंप मंदावलेला. आजोबांची कणकण चार आठवड्यांपूर्वीची. विषाणू नातवाच्या अंगातून केव्हाच गेला होता, आणि मूल आता मरणाच्या दारात होतं.

या आजाराचं नाव एमआयएस-सी, म्हणजे मुलांमधला बहुअवयवी दाह. २०२०च्या एप्रिलमध्ये लंडनच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा ओळखला. इटलीतल्या बर्गामोतही तीच मुलं येत होती, त्या बर्गामोत, जिथून मृतदेह नेण्यासाठी लष्कराचे ट्रक आलेले आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी तो येतो. प्रतिकारशक्तीनं लढाई जिंकलेली असते, पण हत्यारं खाली ठेवलेली नसतात. ती आपल्याच रक्तवाहिन्यांवर, हृदयावर, आतड्यांवर चालून जाते. हा आजार दुर्मीळ होता, संसर्ग झालेल्या हजारो मुलांत एखाद्याला होणारा. पण संसर्गच कोट्यवधी मुलांना झालेला असेल तर दुर्मीळ आजारसुद्धा जिल्ह्याजिल्ह्यात दिसतो.

इथे एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं. जपानमधले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी. लाल डोळे, फुटलेले ओठ, पुरळ आणि न उतरणारा ताप, अशी मुलं त्यांनी १९६१पासून पाहिली, टिपली, आणि १९६७मध्ये त्यांवर लेख लिहिला. सहा वर्षं ते एकेक मूल नोंदवत राहिले. त्या आजाराला आज त्यांचं नाव आहे. कावासाकीत हृदयाच्या कोरोनरी धमन्या फुगू शकतात, हे पुढे कळलं. लंडन आणि बर्गामोच्या डॉक्टरांना ही नवी मुलं ओळखता आली ती कावासाकी माहीत होता म्हणून. उपचारही तिथूनच सुचला. आणि ५ जून २०२० रोजी, जगभर त्यांचं नाव बालरुग्ण विभागांत रोज घेतलं जात असताना, पंचाण्णव वर्षांचे कावासाकी गेले. त्यांच्या त्या नोंदवहीनं आपल्या महाराष्ट्रातली मुलं वाचवली, असं मी जबाबदारीनं म्हणतो.

उपचार काय? एक, आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी. किलोमागे दोन ग्रॅम. वीस किलोच्या मुलाला चाळीस ग्रॅम, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या, आणि एकेका बाटलीची किंमत हजारोंत. दुसरा उपचार स्टेरॉइडचा. ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि सामान्य माणसाला परवडतं. जून २०२१मध्ये बत्तीस देशांतल्या सहाशेहून अधिक मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं आयव्हीआयजी, नुसतं स्टेरॉइड, किंवा दोन्ही एकत्र, निष्पत्तीत ठळक फरक दिसला नाही. श्रीमंत देशांत हा एक शास्त्रीय प्रश्न होता. आपल्याकडे तो शेत विकावं लागेल की नाही याचा प्रश्न होता. त्या एका निष्कर्षानं तालुक्याच्या डॉक्टरला हिंमत दिली, की बाटल्यांची वाट पाहू नकोस, स्टेरॉइड सुरू कर आणि मुलाला पुढे पाठव.

तो मुलगा बरा झाला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तिसऱ्या दिवशी त्यानं मऊ भात मागितला. आई रडायला लागली, कारण आठवडाभर त्यानं काही मागितलंच नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी वडिलांनी विचारलं, "आता बरा झाला ना डॉक्टर?" आणि इथेच मला थांबायचं आहे. 'बरा झाला' म्हणजे काय? ताप गेला म्हणजे? रिपोर्ट नॉर्मल म्हणजे? घरी गेला म्हणजे?

त्याची एक कोरोनरी धमनी किंचित फुगलेली होती. पुन्हा एको दोन आठवड्यांनी, पुन्हा सहा आठवड्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. रोज अ‍ॅस्पिरिनची अगदी लहान गोळी. आणि तीन ते सहा महिने धावायचं नाही, क्रिकेट नाही, विहिरीत पोहणं नाही. आठ वर्षांच्या पोराला हे सांगणार कसं? त्याला काहीच दुखत नव्हतं. बाहेर पोरं खेळत होती. घरच्यांनी त्याला स्कोअर लिहायचं काम दिलं, आणि त्यानं ते मन लावून केलं. सहा महिन्यांनी धमनी पूर्ववत झाली. जगभरचा अनुभव असाच आहे, वेळेवर उपचार मिळालेल्या बहुसंख्य मुलांचं हृदय काही आठवड्यांत, काही महिन्यांत सावरतं. पण ते सावरलं की नाही हे कळायला कुणीतरी तपासायला हवं. एसटीचं भाडं, एकोचे पैसे, रोजाची मजुरी बुडणं. ताप नाही, तक्रार नाही, तर जायचं कशाला? पाठपुरावा तुटतो तो निष्काळजीपणामुळे कमी आणि या हिशोबामुळे जास्त.

आता मुलांच्या लाँग कोविडकडे वळतो. हा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतात, मुलांत असलं काही नसतंच. दुसरे म्हणतात, मुलाचं जे काही बिनसलंय ते कोरोनामुळेच. दोन्ही चूक. इंग्लंडमध्ये अकरा ते सतरा वयाच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. तपासणीनंतर तीन महिन्यांनी, कोरोना पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के मुलांना काही ना काही लक्षण होतं. ऐकून धसका बसतो. पण निगेटिव्ह आलेल्यांपैकीही ५३ टक्क्यांना होतं! म्हणजे थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, हे त्या काळात विषाणूशिवायही मुलांना होत होतं. तीन किंवा अधिक लक्षणं एकत्र असलेली मुलं मात्र पॉझिटिव्ह गटात ३० टक्के आणि निगेटिव्ह गटात १६ टक्के. हा फरक खरा आहे. तो नाकारता येत नाही, आणि सगळ्या तक्रारी त्याच्या खात्यावर टाकताही येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या फेब्रुवारीत मुलांसाठी याची स्वतंत्र व्याख्या केली: संसर्गानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू झालेली आणि किमान दोन महिने टिकलेली लक्षणं, ज्यांनी मुलाच्या रोजच्या जगण्यात अडथळा येतो. थकवा, वास बदलणं, चिंता ही त्यांत ठळक. व्याख्या चांगली आहे. पण मूल व्याख्येत बोलत नाही. सात वर्षांचं मूल "मला थकवा आहे" असं म्हणेल का? ते म्हणतं, पाय दुखतात. ते म्हणतं, पोटात दुखतं. ते म्हणतं, शाळेत नाही जायचं. एका मुलीनं आवडतं वरण खाणं सोडलं होतं, घरी सगळे तिला नखरेल म्हणत. फोडणीचा वास तिला जळक्या रबरासारखा येत होता, आणि हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं.

मग करायचं काय? आधी बाकीचं तपासायचं. आपल्या देशात थकलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय, टीबी नाही ना याची खात्री केल्याशिवाय लाँग कोविड म्हणणं हा अपराध ठरेल. ते सगळं नीट असेल तर मुलावर विश्वास ठेवायचा. यावर खास औषध नाही. झोपेची वेळ ठरवणं, शाळा आधी अर्धा दिवस, मग पूर्ण, खेळ हळूहळू वाढवणं, आणि आज बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळं करून दुसऱ्या दिवशी आडवं न होणं. बहुतेक मुलं महिन्यागणिक सुधारतात. त्यांना सर्वांत जास्त कशानं छळलं असेल तर ते "नाटकं करतोय" या शब्दांनी.

श्रोतेहो, आतापर्यंत विषाणूचं बोललो. पण मुलांना जे मागाहून गाठलं त्यातलं बरंचसं विषाणूनं अंगाला हात न लावता केलं.

२०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीत गोवर उसळला. पुढे मालेगाव, भिवंडी. मुलं दगावली. गोवर! ज्याची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास, फुकट मिळते. ही मुलं कोणती होती? टाळेबंदीत आणि त्यानंतरच्या घबराटीत ज्यांची लस राहिली, त्यांतली कितीतरी. आरोग्यसेविका कोरोनाच्या कामाला जुंपलेल्या, आईला दवाखान्याची भीती, आणि मग राहिलेला डोस राहूनच गेला. केंद्र सरकारला तेव्हा साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला सांगावं लागलं. त्या मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही. लिहिला जाणारही नाही.

मुलं घरात कोंडली गेली, वजनं वाढली, चष्मे लागले. इटलीत, आपल्या पुण्यात, डॉक्टरांनी नोंदवलं की आठ वर्षांच्या आतच वयात येऊ लागलेल्या मुलींची संख्या त्या काळात ठळक वाढली. एवढ्याशा मुलीला पाळी येणं म्हणजे काय, हे इथे बसलेल्या आयांना मी सांगायला नको.

आणि शाळा. 'असर'ची ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची पाहणी तुम्हाला माहीत आहे. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो त्यांचं प्रमाण २०१८मध्ये २७.३ टक्के होतं, २०२२मध्ये २०.५वर आलं. २०२२ची ही तिसरी म्हणजे कोण? २०२०च्या जूनमध्ये ज्यांनी पहिलीत नाव घातलं आणि पहिलीचा वर्गच पाहिला नाही ती मुलं. २०२४मध्ये तिसरीचा आकडा पुन्हा २७.१ झाला. आणि ती घरी बसलेली पहिलीची मुलं २०२४मध्ये पाचवीत होती. पाचवीचं वाचनही २०१८च्या जवळपास आलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण निराशेचं बोलणं सोपं असतं. शिक्षकांनी कष्ट घेतले, मुलांनी भरून काढलं. मुलांचं शरीर आणि मन दोन्ही सावरायला उत्सुक असतात. पण पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना २०२४मध्येही दुसरीचा धडा वाचता येत नव्हता, आणि तो २०१८मध्येही येत नव्हता. म्हणजे आपण जिथे परत आलो ती जागा फार उंच नव्हती.

शेवटचा मुद्दा बोलायला मला जड जातो. जानेवारी २०२२मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं, की १ एप्रिल २०२०पासून देशात १,४७,४९२ मुलांनी आई, वडील किंवा दोघांनाही गमावलं, कोविडनं वा इतर कारणांनी. दोघंही गेलेली १०,०९४. आपल्या राज्यानं दोन्ही पालक कोविडनं गेलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्रानं पीएम केअर्समधून वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख देण्याची योजना केली. चांगलं केलं. पण एकच पालक गेलेली मुलं कितीतरी पटींनी जास्त आहेत, आणि बहुतेकांचे वडील गेलेले आहेत. आई आता कुठेतरी कामाला जाते, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते. तिला ताप नाही, खोकला नाही. तिचा वर्गातला नंबर घसरलाय, एवढंच दिसतं.

या सभागृहात शिक्षक बरेच आहेत, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले डॉक्टरही मला दिसताहेत. तुमची पथकं शाळाशाळांत मुलं तपासायला जातातच. वजन, उंची, दात, डोळे पाहता. माझी तुम्हाला विनंती आहे, त्या तपासणीत आणखी तीन गोष्टी विचारा. कोरोनानंतर या मुलाला मोठं दुखणं झालं होतं का, आणि झालं असेल तर हृदयाची शेवटची तपासणी केव्हा झाली? कार्डावरचा कोणता डोस राहिला आहे? आणि त्या दोन वर्षांत घरातलं कोण गेलं? हा तिसरा प्रश्न मात्र रांगेत, इतर मुलांसमोर विचारू नका. सोबत आलेल्या मोठ्या माणसाला बाजूला घेऊन विचारा, आणि उत्तर मिळालं तर त्याच दिवशी तालुक्याच्या बालसंरक्षणाच्या माणसाला फोन करा.